जिभेची डावी बाजू

अक्कलदाढ हाडात रुतलेली निघाली की व्हिएतनाममधल्या फान थिएतच्या दाताच्या इस्पितळातले बाकीचे डॉक्टर पेशंटला सरळ दुयेनकडे धाडत. नऊ वर्षांत तिने एवढ्या दाढा काढल्या होत्या की मोजणं कधीच सोडून दिलं होतं. तिचा हात हलका होता, काम झटपट होतं, आणि दुसऱ्या दिवशी सुजलेले गाल घेऊन तक्रार करायला येणारे तिच्याकडे कमीच येत.

न्यान तिच्याकडे आली ती वर्षात तिसऱ्यांदा हिरडी सुजल्यावर. शेहेचाळीस वर्षांची, सडसडीत, उन्हाने रापलेली बाई. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. आधी गोळ्यांनी सूज उतरवली, मग एक्स-रे काढला. डावीकडची खालची दाढ हाडात आडवी झोपलेली होती, पुढच्या दाढेच्या मुळाशी डोकं टेकून. अशी दाढ ठेवली तर पुढचीही खराब करते. काढायला हवी, यात वाद नव्हता.

दुयेनने नेहमीसारखं समजावलं. ओठ किंवा जीभ थोडे दिवस बधिर राहू शकते, बहुतेकांची परत येते, इथे सही करा. न्यानने सही केली. कामधंद्याच्या रकान्यात तिने 'कामगार' एवढंच लिहिलं होतं. गावातली निम्मी माणसं तेच लिहीत, आणि पुढे कोणी विचारत नसे.

ऑपरेशन मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. हिरडी उघडली, वरचं हाड कोरून काढलं, दाढेचे तुकडे केले. डोकं निघालं, एक मूळ निघालं. दुसरं मूळ जिभेच्या बाजूला वळलेलं होतं आणि जागचं हलेना. दुयेनने ड्रिल थोडं खोल नेलं. क्षणभर हाताखालचा विरोध गेला, पेंढ्यातून सुई आरपार जावी तसा. तिने लगेच हात मागे घेतला. रक्त जास्त आलं नाही. मूळ सुटलं, जखम धुतली, तीन टाके पडले. पस्तीस मिनिटांत सगळं आटोपलं. केसपेपरवर तिने लिहिलं, 'अडचण नाही', आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

सातव्या दिवशी न्यान टाके काढायला आली. सूज उतरली होती, तोंड उघडत होतं.

"डॉक्टर, भूल अजून उतरली नाही बघा," ती म्हणाली. "पेज खाताना जीभ मध्ये येते. दोनदा रक्त निघालं, तरी मला पत्ता नाही. आरशात बघितलं तेव्हा कळलं."

"कुठली बाजू?"

"ही. डावी."

दुयेनने तिला डोळे मिटायला सांगितले आणि काही लागलं की हात वर करायला सांगितलं. कापसाचा धागा जिभेच्या उजव्या कडेवर फिरवला. हात वर गेला. डावीकडे फिरवला. हात मांडीवरच. मग तिने बारीक सुई घेतली. डावीकडे टोचली, थोडी पुढे टोचली, अगदी टोकाशी टोचली.

"करा ना सुरू," न्यान डोळे मिटूनच म्हणाली.

दुयेनचं तोवर तीन वेळा टोचून झालं होतं.

सुई ट्रेमध्ये ठेवून तिने विचारलं, "ताई, तुम्ही काम नेमकं काय करता?"

"लोइकाकांच्या माम-घरात आहे. पिंपं बघते." माम म्हणजे मिठात मुरवलेल्या मासळीचा गाळलेला खारा रस.

"बघता म्हणजे?"

"चाखते. मांदेली मिठात मुरून वर्ष झालं की कुठलं पिंप उघडायचं, कुठल्याला अजून दोन महिने द्यायचे, कुठल्यात कुठलं मिसळायचं, ते मी सांगते. पहिल्या धारेचं माम माझ्या जिभेवरून गेल्याशिवाय बाटलीत जात नाही. एकवीस वर्षं झाली." मग डोळे उघडून तिने विचारलं, "का? काय झालं?"

"नस दुखावली आहे. जिभेला जाणारी."

"कशी?"

"होतं कधी कधी," दुयेन म्हणाली. "खालच्या दाढेला अगदी लागून जाते ती. थोडे आठवडे वाट बघायची."

यातलं काहीच खोटं नव्हतं. न्यानने मान हलवली, जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि गेली.

इस्पितळाचे मुख्य सर्जन डॉक्टर क्वी साठीचे होते. दुयेनला हाडावर ड्रिल कसं टेकवायचं ते त्यांनीच शिकवलं होतं. संध्याकाळी ती त्यांच्या खोलीत गेली.

"आपल्या कामात हे व्हायचंच," क्वी म्हणाले. "माझ्याही हातून झालंय. बहुतेकांची जीभ परत येते. सही आहे ना तिची? मग तीन महिने थांब."

"सर, ड्रिल आतल्या हाडातून पार गेलं होतं. मला हाताला कळलं होतं."

"तेव्हा कळलं होतं, की आता वाटतंय?"

"तेव्हाच कळलं होतं."

"लिहिलंयस?"

"नाही. अडचण नाही असं लिहिलंय."

क्वींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. "लिही असं मी सांगणार नाही, आणि लिहू नको असंही नाही. फक्त लिहायचं ठरवलंस तर आजची तारीख घाल. मागची नको."

तिने आजची तारीख घातली. तीन ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यानला फोन करून बोलावून घेतलं आणि दार लावून सगळं सांगितलं: मूळ कुठे वळलं होतं, ड्रिल किती खोल गेलं, हाताला काय लागलं आणि काय लागलं नाही.

सांगून झाल्यावर न्यान म्हणाली, "हे काल का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"आता मला वाटतेय." ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, दुचाकी लावलेल्या होत्या. "चव परत येईल?"

"बहुतेकांची येते. कोणाची पूर्ण येते, कोणाची अर्धी. काहींची नाही येत. तुमची कुठली असेल ते आज मला सांगता येणार नाही. दर दोन आठवड्यांनी तपासू. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर सायगॉनला पाठवीन, तिथे नस जोडणारे आहेत. उशीर करून चालत नाही त्यात."

"काकांना कळता कामा नये. चिठ्ठी द्या मला. दाढेचं ऑपरेशन झालंय, पंधरा दिवस काही चाखू नये, अशी."

ती चिठ्ठी खरीच होती, म्हणून दुयेनने दिली.

त्यानंतर न्यान दर दुसऱ्या गुरुवारी येऊ लागली. दुयेनने चार बाटल्या तयार ठेवल्या होत्या: मिठाचं पाणी, साखरेचं, लिंबाचं, आणि एक कडू औषधाचं. कापसाचा बोळा बुडवून जिभेच्या एकेका जागी टेकवायचा आणि न्यानने काय ते सांगायचं. केसपेपरमागे दुयेनने जिभेचा नकाशा काढला होता. उजवी बाजू खुणांनी भरली. डावी पहिल्या खेपेला कोरी राहिली, दुसऱ्या खेपेलाही.

"मिठाचं पाणी कसलं हे," न्यान एकदा म्हणाली. "आमच्याकडे फरशी धुतात ते याच्यापेक्षा खारट असतं."

"थोडंसंच हवं. जास्त घातलं तर उजवीकडे पसरतं आणि तुम्ही मला फसवाल."

"तुम्हाला कशाला फसवू? फसवायला माझे मालक आहेत."

पंधरा दिवस संपले तशी ती कामावर हजर झाली होती. वासावर आणि रंगावर निभावत होती. पांढऱ्या वाटीत माम घ्यायचं, उजेडाकडे धरायचं, नाकाखालून न्यायचं, मग चॉपस्टिकचं टोक बुडवून थेंब जिभेवर घ्यायचा आणि काही न बोलता थोडा वेळ थांबायचं. बघणाऱ्याला फरक कळत नव्हता. लोइकाकांची सून दिएप तेवढी टक लावून बघायची. दिएपला हे काम शिकायचं होतं, आणि न्यानने चार वर्षं तिला वाटीच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं. नाक बरं आहे पण धीर नाही पोरीला, असं तिचं म्हणणं होतं.

एप्रिल संपता संपता न्यानने दोन पिंपांचं मिश्रण पास केलं. दिएप म्हणाली, खारट आहे. न्यान म्हणाली, तुझी जीभ मिरचीने मेलीय. माम बाटल्यांत भरलं. भरलेल्या बाटल्यांतली एक न्यानने घरी नेली, भातावर घातली, आणि नवरा पहिल्याच घासाला म्हणाला, आज मीठ का घातलंस वरून?

त्या गुरुवारी ती इस्पितळात आली आणि बाटल्यांकडे बघितलंही नाही.

"डॉक्टर, मला आत्ता कळलं. मी थेंब नेहमी डावीकडे घेते. एकवीस वर्षं डावीकडेच घेतेय. उजवी बाजू धड आहे, पण तिला कामाची सवयच नाही. मी थेंब डावीकडे घेते, तिथे काही लागत नाही, आणि मला वाटतं बेताचंच मीठ आहे."

"मग उजवीकडे घ्यायचा सराव करू."

"करूच. पण आधी काकांना सांगायला हवं. त्या बाटल्या अजून गोदामात आहेत." ती उठली. "तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी?"

"तुमच्या हातून झालंय ना. तुम्ही सांगा. मी सांगितलं तर वाटेल म्हातारपणाला निमित्त शोधतेय."

दुयेनने बाहेरच्या दोन पेशंटना थांबायला सांगितलं, मग विचार बदलून त्यांना क्वींकडे पाठवलं, आणि न्यानच्या दुचाकीवर मागे बसली.

माम-घर नदीच्या मुखाशी होतं. माणसापेक्षा उंच लाकडी पिंपं ओळीने उभी, त्यांना कडेने शिड्या. लोइकाका तोटीखाली घागर लावून बसले होते. सत्तरीचा, बुटका, कानाला जरा कमी ऐकणारा माणूस. दुयेनने स्वतःचं नाव सांगितलं आणि उभ्यानेच बोलली. दाढ मी काढली. काढताना जिभेची नस माझ्या हातून दुखावली. यांना जिभेच्या डाव्या बाजूला काही कळत नाही. मार्चपासून. तिला आवाज चढवून बोलावं लागलं, त्यामुळे शिडीवरच्या दिएपनेही ऐकलं, आणि पलीकडे बाटल्या धुणाऱ्या दोघींनीही.

काकांनी तोटी बंद केली.

"येणार का परत?"

"माहीत नाही. थोडी येईल असं वाटतं. सांगता येत नाही."

"डॉक्टर लोक असं कधी म्हणत नाहीत."

"मीही नव्हते म्हणत."

काका न्यानकडे वळले. "दोन महिने मला बनवत होतीस?"

"हो."

"आणि ते परवाचं मिश्रण?"

"खारट आहे. दिएप बरोबर होती."

शिडीवरची दिएप हसली नाही. काकांनी घागर बाजूला सारली. मग म्हणाले, "भरलेलं परत पिंपात ओता. नाक धड आहे ना तुझं? मग वास तुझा, मीठ दिएपचं. दोघींचं जमलं तर बाटली भरायची. नाही जमलं तर मला हाक मारा, मी बघेन काय ते."

"ती माझ्या हाताखाली येणार की मी तिच्या?" न्यानने विचारलं.

"ते मला नका विचारू. वाटी एकच आहे, दोन्ही बाजूंनी धरा."

परत आल्यावर इस्पितळाच्या दारात दुयेन उतरली तेव्हा न्यान म्हणाली, "बरं बोललात. ते 'माझ्या हातून' नीट ऐकू आलं सगळ्यांना." तिने गाडी वळवली आणि गेली. तिने माफ केलं की हिशेब चुकता केला, हे दुयेनला त्या वेळी कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

दहाव्या आठवड्यात दुयेनने जबड्याच्या आतल्या बाजूला, जुन्या जखमेच्या जागी, बोटाने हलकं दाबलं. न्यान दचकली.

"मुंग्या आल्या. टोकापर्यंत."

"कुठे? बोट लावून दाखवा."

न्यानने डाव्या कडेवर बोट ठेवलं. दुयेनने नकाशावर पहिली खूण केली. नस आतून पुन्हा वाढत असली की असं होतं. तरीही तिने तिला सायगॉनला पाठवलं, कारण या बाबतीत आपल्या आशेवर तिला भरवसा वाटत नव्हता. तिथल्या सर्जन बाईंनी सगळं तपासून सांगितलं, चिन्ह चांगलं आहे, आत्ता उघडू नका, दोन महिने बघा. उघडलं तर आहे तेही जाऊ शकतं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी न्यानचा फोन आला. "डॉक्टर, तांदळाचं बान्ह कान खाताना जीभ चावली गेली."

"रक्त आलंय?"

"आलंय. आणि दुखतंय. भयंकर दुखतंय." आवाजावरून ती रडत होती की हसत होती ते कळेना. "डावीकडे."

पुढचे महिने हळूहळू गेले. आधी स्पर्श आला, मग गार-गरम कळू लागलं. आंबट आलं, कडू आलं. मीठ आलं पण लांबून आल्यासारखं. मधूनच तोंडात गंजलेल्या पत्र्याची चव यायची, ती सहा महिने टिकली. गोड आलंच नाही. या सगळ्या काळात न्यान थेंब उजवीकडे घ्यायला शिकली. दिएप समोर बसायची, दोघी एकाच वाटीतून घ्यायच्या आणि पाटीवर आपापला मिठाचा आकडा लिहून मग एकमेकींना दाखवायच्या. सुरुवातीला आकडे चारचार घरं लांब असत. 'ही खारट म्हणते तेव्हा मला ते बेताचं लागतं' असं न्यान सांगायची, आणि ते दिएपच्या देखत सांगायची.

मग नोव्हेंबरमध्ये उजवीकडची हिरडी सुजली.

न्यान आली ती गालावर हात ठेवून. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाली, "तीच बाजू राहिलीय माझी."

दुयेनने आधी हिरडीखालचा पू धुऊन काढला. मग तिने या खेपेला स्कॅनही करवला, आणि त्याच्यासमोर बराच वेळ बसली. उजवी दाढ आडवी नव्हती. उभी होती, अर्धी वर आलेली, मागच्या अर्ध्या भागावर हिरडीची झापड. पुढच्या दाढेला तिचा त्रास नव्हता, कीड नव्हती. पण वरची अक्कलदाढ खाली वाढली होती आणि प्रत्येक घासाला त्या झापडीवर चावत होती. झापड सुजायची, सुजली की आणखी चावली जायची.

क्वींनी स्कॅन बघितला. "सोपी आहे. वीस मिनिटांची. दोन्ही काढून टाक."

"वरची काढते. खालची ठेवते."

"परत सुजली तर?"

"तर परत विचार करू."

"दुयेन, एका केसनंतर हात आखडला की तो आखडतच जातो. मी पाहिलेत असे लोक."

ती रागावली नाही, कारण हाच प्रश्न तिने स्वतःला आदल्या दिवसापासून विचारला होता. एवढ्यात तिने आठ खालच्या दाढा काढल्या होत्या, त्यांतल्या दोन न्यानच्यापेक्षा वाईट होत्या. हात आखडला नव्हता. पण या बाईच्या बाबतीत आखडला नाही, असंही तिला छातीठोक सांगता येईना. म्हणून तिने स्कॅन सायगॉनच्या बाईंना पाठवला, नाव आणि मागची गोष्ट न सांगता, फक्त दाढ आणि तक्रार. उत्तर आलं, वरची काढून बघा.

दुसऱ्या दिवशी न्यानने सरळच विचारलं. "भीती वाटते म्हणून ठेवताय, की ठेवायचीच असते?"

"दोन्ही," दुयेन म्हणाली. "भीती वाटते म्हणून मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, तुमचं नाव न सांगता. त्यांचंही तेच मत आहे. वरची चावते म्हणून खालची सुजते. वरची काढली की चावणं थांबेल. वरच्या दाढेजवळ जिभेची नस नसते. खालची तुम्हाला रोज धुवावी लागेल, सिरिंजने, मी शिकवते. आणि ती परत सुजली, किंवा तिच्यामुळे पुढची किडायला लागली, तर काढावीच लागेल. मग कोणाकडून काढायची ते तुम्ही ठरवा. क्वी सर आहेत, सायगॉन आहे."

न्यानने आ केला. "वरची काढा आधी. बाकीचं बाकीच्या वेळी."

वरची दाढ सात मिनिटांत निघाली. टाकाही लागला नाही. कापसाचा बोळा दाताखाली धरून न्यान तिथेच बसून राहिली, आणि अर्ध्या तासाने, ओठावरची भूल पुरती उतरायच्या आत, जीभ बाहेर काढून दाखवत म्हणाली, "टोचा."

दुयेनने उजवीकडे टोचलं. न्यानने हात वर केला. डावीकडे टोचलं. थोड्या उशिराने, पण हात वर गेला.

तेत, नव्या वर्षाचा सण, उलटून गेला, नवी मांदेली आली, पिंपं भरली. उजवी हिरडी पुन्हा सुजलेली नाही. न्यान सकाळ-संध्याकाळ सिरिंजने कोमट मिठाचं पाणी मारते आणि दर तीन महिन्यांनी येते. येताना कधी बाटली आणते, कधी नाही. दुयेन आरसा घालून ती दाढ बघते, झापड उचलून खाली बघते, कागदावर तारीख घालून लिहिते, आणि तशीच राहू देते.